मागच्या डिफरन्शियलची गळती: सील बदलण्याआधी आणि बदलताना

गाडी रात्रभर उभी राहिलेल्या जागी, मागच्या दोन चाकांच्या साधारण मधोमध, रुपयाएवढा काळपट तेलकट डाग दिसू लागला की मालक गॅरेजमध्ये जातो, गॅरेजवाला खाली डोकावून “पिनियनचे सील गेले आहे” असे सांगतो, सील, म्हणजे तेल अडवणारे रबरी कडे, बदलले जाते आणि दोन महिन्यांनी डाग पुन्हा त्याच जागी हजर होतो. नाशिकमधल्या माझ्या एका स्नेह्यांच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारबाबत नेमके हेच घडले, आणि दुसऱ्या वेळचे सील मी स्वतःच्या हाताने बसवलेले असल्यामुळे दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय नव्हती. मूळ बिघाड सीलमध्ये नव्हताच; तो डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनाची ओढ मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या दातेरी पेटीच्या, माथ्यावर असलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या ब्रीदरमध्ये, म्हणजे हवा आतबाहेर जाण्याच्या तोंडामध्ये, होता. म्हणून पुढे दिलेल्या कामाचा क्रम असा आहे की हातात पाना घेण्यापूर्वी तेल कोठून येते आणि का येते या दोन प्रश्नांची उत्तरे मिळालेली असावीत.

भारतात २०१६ मध्ये दाखल झालेली फोर्ड मस्टँग, निसान ३७०झेड किंवा बीएमडब्ल्यू झेड४ अशा गाड्यांमध्ये इंजिन पुढे असते आणि ओढ मागच्या चाकांना मिळते. मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होत असल्यामुळे डिफरन्शियलचे घर ट्रकप्रमाणे अॅक्सलचाच भाग नसते, तर गाडीच्या सांगाड्याला रबरी माउंटच्या आधाराने बांधलेले असते. या घरात पुढून प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून येणाऱ्या लांब दांड्याला) जोडलेले पिनियन नावाचे छोटे दातेरी चाक शिरते, ते क्राउन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते आणि डाव्या-उजव्या बाजूंनी चाकांकडे जाणारे दोन हाफ शाफ्ट बाहेर पडतात. म्हणजे फिरणारा दांडा घराबाहेर येतो अशा जागा तीन, आणि त्या तिन्ही ठिकाणी ऑइल सील असते. याखेरीज मागचे झाकण, ऑइल भरण्याचा व काढण्याचा असे दोन बोल्ट आणि ब्रीदर या ठिकाणांहूनही तेल बाहेर येऊ शकते. क्वचित एखाद्या उंच गतिरोधकावर किंवा दगडावर आपटून घरालाच तडा गेलेला असतो. जमिनीपासून कमी उंचीच्या गाड्यांच्या बाबतीत ही शक्यता विसरू नये.

ब्रीदरचे काम थोडे समजून घेतले पाहिजे, कारण सगळी फसगत तेथेच होते. गाडी चालू लागली की दात्यांच्या घर्षणाने ऑइल तापते, त्याबरोबर घरातली हवाही तापून फुगते आणि ती ब्रीदरमधून बाहेर पडते. गाडी थांबली की हवा आकसते आणि बाहेरची हवा त्याच वाटेने आत येते. ही वाट बुजली तर आतला दाब वाढत जातो आणि तो सर्वांत नरम जागी, म्हणजे सीलच्या रबरी ओठापाशी, मार्ग काढतो. दिंडोरी किंवा निफाडकडच्या द्राक्षमळ्यांच्या कच्च्या रस्त्यांवरून गाडी रोज जात असेल तर उन्हाळ्यात उडणारी बारीक माती आणि त्यावर बसलेला तेलाचा ओशटपणा मिळून ब्रीदरच्या टोपीखाली घट्ट लेप तयार होतो. आमच्या स्नेह्यांचा मळा दिंडोरी रस्त्याच्या आत दीड किलोमीटरवर आहे, आणि एवढे सांगितले म्हणजे बाकीची कथा कळते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. घाट चढून तापलेली गाडी साठलेल्या पाण्यातून गेली की डिफरन्शियल एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर तो पाणीच आत ओढतो.

आता निदानाकडे वळू. सर्वप्रथम गळणारा द्रव गिअर ऑइलच आहे याची खात्री करावी. गिअर ऑइलमध्ये गंधकयुक्त मिश्रणे असतात, त्यामुळे त्याला उग्र, सडलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि तो बोटांवरून सहज जात नाही. ब्रेक ऑइल पातळ असते, त्याला असा वास नसतो आणि ते रंगाला खाते. हाफ शाफ्टच्या रबरी बूटमधून येणारे ग्रीस घट्ट व काळे असते, आणि ते डागासारखे न टपकता चाकाच्या आतल्या बाजूला गोल उडालेले दिसते. इंजिनचे किंवा गिअरबॉक्सच्या शेपटीकडचे तेल वाऱ्याने गाडीच्या पोटावरून मागे सरकत सरकत डिफरन्शियलवर येऊन थांबते आणि तेथूनच गळते आहे असा भास होतो, म्हणून पुढून मागेपर्यंत पूर्ण पोट एकदा टॉर्चच्या उजेडात पाहावे.

गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना अडसर लावावा, मागचा भाग जॅकने उचलावा आणि वजन लोखंडी स्टँडवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत घोडीवर, द्यावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये; विटा किंवा लाकडी ठोकळे हा घोडीला पर्याय नव्हे. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीत डिफरन्शियलच्या अगदी शेजारून जाणारा सायलेन्सरचा पाइप हात भाजण्याइतका तापलेला असतो, हेही लक्षात ठेवावे.

डिफरन्शियल आणि त्याभोवतीचा भाग रॉकेल व ब्रशने, शेवटी ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने स्वच्छ करून कोरडा करावा. रॉकेल वापरताना पाइप थंड असला पाहिजे. नंतर संशयित जागांवर टाल्कम पावडर हलकेच भुरभुरावी आणि गाडी वीस-तीस किलोमीटर चालवून आणावी. परत आल्यावर पावडर जेथे ओली होऊन पिवळसर किंवा तपकिरी झाली असेल ती गळतीची जागा होय; तेल चालत्या गाडीत वाऱ्याने मागे आणि गुरुत्वाने खाली जाते, त्यामुळे सर्वांत पुढची आणि सर्वांत वरची ओली जागा हाच उगम समजावा. पिनियनच्या सीलची एक खूण विशेष आहे: पिनियनच्या टोकावरचे, प्रोपेलर शाफ्ट जोडण्याचे फ्लँज वेगाने फिरत असल्यामुळे तेथून निघालेले तेल वर्तुळाकार फेकले जाते आणि फ्लँजच्या बरोबर वर, गाडीच्या तळाच्या पत्र्यावर आडवा पट्टा उमटतो. हा पट्टा दिसला तर पुढचा तपास सोपा होतो. गळती फारच मंद असेल तर ऑइलमध्ये थोडा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळून तशा टॉर्चने पाहण्याचा उपाय आहे, पण माझ्या अनुभवात शंभरातल्या नव्वद वेळा पावडरीने भागते.

आता ब्रीदर पाहावा. तो सहसा घराच्या वरच्या बाजूला असतो आणि हाताने चाचपूनच सापडतो. टोपी बोटाने फिरवून पाहावी. ती सैल फिरली पाहिजे. शक्य असेल तर ब्रीदर काढून रॉकेलमध्ये भिजत ठेवावा आणि तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकर घालून पाहावा. फुंकर अडत असेल तर सील बदलण्याची घाई करू नये: ब्रीदर साफ करून किंवा नवा बसवून, डिफरन्शियल पुसून गाडी आठवडाभर चालवावी, कारण पुष्कळदा गळती एवढ्यानेच थांबते. ज्या ब्रीदरला नळी जोडण्याजोगे तोंड असते त्याला तेल सोसणारी रबरी नळी लावून तिचे दुसरे टोक डिफरन्शियलपेक्षा बरेच वर, गाडीच्या पोटाच्या पोकळीत, तोंड खाली वळवून बांधले तर धूळ आणि पाणी दोन्हींचा प्रश्न मिटतो. आमच्या स्नेह्यांच्या गाडीत शेवटी हेच केले.

त्यानंतर पातळी तपासावी. गाडी चारही बाजूंनी समपातळीत असताना भरण्याचा बोल्ट उघडला की ऑइल त्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असले पाहिजे. बोल्ट उघडताच ऑइल बाहेर ओतू लागले तर मागच्या वेळी कोणीतरी गाडी तिरकी असताना जास्त भरले आहे, आणि जास्तीचे ऑइलही ब्रीदरमधून व सीलमधून बाहेर पडते. ऑइलचा रंग ताकासारखा पांढुरका झाला असेल तर आत पाणी गेले आहे. असे ऑइल लगेच बदलावे, कारण पाण्याने बेअरिंगला गंज चढतो.

खाली असतानाच पिनियनचे फ्लँज दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवून पाहावे. प्रोपेलर शाफ्ट जोडलेला असतानाही जर स्पष्ट खुडखुड जाणवली तर पिनियनचे बेअरिंग झिजले आहे. अशा वेळी नवे सील कितीही चांगले असले तरी हलणाऱ्या दांड्यावर ते फार काळ टिकत नाही, आणि काम सीलचे न राहता पूर्ण डिफरन्शियल उतरवून उघडण्याचे होते, ज्यात क्राउन आणि पिनियनच्या दात्यांची बैठक मोजून जुळवावी लागते. ते काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी वेग घेताना किंवा वेग सोडताना मागून एकसुरी घोंघावणे ऐकू येत असेल तर तेही त्याच दिशेने बोट दाखवते. मात्र फ्लँज पुढेमागे फिरवताना जाणवणारा थोडासा मोकळेपणा हा दात्यांमधला नेहमीचा असतो. त्याने घाबरू नये.

ऑइल काढताना एक नियम कधी मोडू नये: आधी भरण्याचा बोल्ट उघडावा, तो उघडतो याची खात्री झाल्यावरच काढण्याचा उघडावा. गंजलेला वरचा बोल्ट अडकून बसला आणि खालून ऑइल निघून गेले, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. काढण्याच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी, मलमासारखा थर नेहमीचा समजावा. टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा निघाला तर काम तेथेच थांबवावे. काढलेले ऑइल डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्याला द्यावे. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते, आणि नासर्डीच्या नाल्यात ते ओतणाऱ्यांची संख्या आधीच पुरेशी आहे.

बाजूचे सील बदलणे तुलनेने सोपे आहे. चाक काढून, हब (चाक बसते तो भाग) आणि आर्म (त्याला सांगाड्याशी जोडणारे दांडे) यांचे आवश्यक ते बोल्ट सोडवून हाफ शाफ्ट बाहेर घ्यावा. काही गाड्यांत तो फ्लँजला बोल्टने जोडलेला असतो, तर काहींत आतल्या टोकावरच्या सर्कलिपने (स्प्रिंगच्या कड्याने) अडकवलेला असतो आणि टॉमीने (लहान पहारीने) नेमका झटका दिल्यावर सुटतो. टॉमी घरावर टेकवताना मध्ये लाकडाची चीप ठेवावी. शाफ्ट लोंबकळत सोडू नये, तारेने वर बांधावा, अन्यथा जॉइंट वाकून बूट फाटतो. परत बसवताना दांड्यावरचे धारदार दाते नव्या सीलचा ओठ कापतात. हा अपघात इतका नेहमीचा आहे की नवे सील पहिल्याच दिवशी गळले तर मी प्रथम याचाच संशय घेतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीची पातळ पट्टी कापून तिची नळी दात्यांवर गुंडाळावी, दाते ओठाच्या पलीकडे गेले की ती ओढून घ्यावी. सर्कलिप मात्र नवीच घालावी.

पिनियनच्या सीलचे काम सर्वांत नाजूक आहे आणि त्याचे कारण सीलमध्ये नसून त्याच्या पुढच्या मोठ्या नटमध्ये आहे. अनेक गाड्यांत पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये पत्र्याची एक नळी असते. नट आवळला की ती ठरावीक प्रमाणात चेपते आणि तेवढाच ताण बेअरिंगवर येतो. नट गरजेपेक्षा जास्त आवळला तर नळी जास्त चेपते, आणि नट नंतर सैल केला तरी ती मूळ उंचीला परत येत नाही. बेअरिंग तापून बसते किंवा नळी बदलण्यासाठी पूर्ण डिफरन्शियल उघडावे लागते. म्हणून हा नट हवेच्या गनने परत आवळू नये. गॅरेजमध्ये काम देत असाल तर तेथील कारागिराला हे एक वाक्य आवर्जून सांगावे. तो क्षणभर नाराज होईल, पण गाडी आपली आहे. काही गाड्यांत चेपणाऱ्या नळीऐवजी घन नळी असते आणि नट ठरावीक टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) आवळायचा असतो. आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे हे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय नटला हात लावू नये.

प्रोपेलर शाफ्ट आणि फ्लँज यांच्यावर एकमेकांसमोर खूण करून शाफ्ट सोडवावा, म्हणजे तो त्याच बैठकीत परत बसेल आणि गाडीत नवी थरथर येणार नाही. सोडवलेला शाफ्ट वर बांधून ठेवावा. आता हँडब्रेक सोडून, शक्य असेल तर दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर काढलेले असताना, लहान मापाच्या काट्याच्या टॉर्क पान्याने पिनियन एकसारखे फिरवत त्याला लागणारा जोर मोजून लिहून ठेवावा. हा जोर फारच थोडा असतो, साधारण एक-दोन न्यूटन मीटर एवढाच, त्यामुळे चाकांच्या नटसाठी वापरतो तो मोठा टॉर्क पाना येथे उपयोगाचा नाही. त्यानंतर नट, फ्लँज आणि पिनियनचे टोक यांवर सेंटर पंचने एका रेषेत खुणा कराव्यात आणि नटबाहेर पिनियनचे किती आटे दिसतात तेही मोजावे.

नट सोडवताना फ्लँज घट्ट धरून ठेवावे लागते. त्यासाठी हाताइतकी लांब जाड लोखंडी पट्टी घेऊन फ्लँजच्या दोन बोल्टच्या अंतरावर तिला भोके पाडावीत. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला कोणताही फॅब्रिकेशनवाला हे काम अर्ध्या तासात करतो. नटची कड ठोकून दाबलेली असेल तर ती छिन्नीने आधी मोकळी करावी. फ्लँज पुलरने ओढून काढावे. मागून हातोडी मारू नये.

फ्लँज हातात आल्यावर सीलचा ओठ फिरतो त्या पट्ट्यावरून नख फिरवावे. नख अडकेल इतका चर पडलेला असेल तर त्यावर कोणतेही नवे सील फार दिवस टिकणार नाही. तेथे पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी किंवा फ्लँजच नवे घ्यावे, आणि दोन्ही जमत नसेल तर सील मूळ जागेपासून एक-दीड मिलिमीटर आतबाहेर बसवावे म्हणजे ओठ नव्या, गुळगुळीत भागावर येतो. मात्र आतल्या बाजूला जागा आहे की नाही ते आधी मोजावे. साधा डाग असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून परिघाच्या दिशेने फिरवावा, दांड्याच्या लांबीच्या दिशेने नव्हे, कारण उभा ओरखडा तेलाला बाहेर येण्याची वाटच करून देतो.

सील विकत घेताना जुने सील सोबत न्यावे. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे सहसा मिलिमीटरमध्ये छापलेले असतात, आणि तेच आकडे असलेले सील नाशिकच्या मुंबई नाका-द्वारका भागातल्या दुकानांत किंवा बेअरिंगवाल्याकडे मिळण्याची शक्यता असते. परंतु आकडे जुळले म्हणजे सील जुळले असे नाही. काही सीलांच्या ओठावर तेल आत ढकलणाऱ्या तिरप्या रेघा असतात आणि बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. अशा वेळी डाव्या बाजूचे सील उजवीकडे घातले तर ते तेल आत ढकलण्याऐवजी बाहेर काढते. साध्या नायट्राइल रबरापेक्षा व्हायटॉनचे सील उष्णता बरीच जास्त सोसते, आणि जोरात चालवल्या जाणाऱ्या गाडीत तो जास्तीचा खर्च मला योग्य वाटतो.

जुने सील काढताना बैठकीच्या आतल्या कडेला ओरखडा पडू देऊ नये. नवे सील स्प्रिंगची बाजू आत, म्हणजे तेलाकडे, करून बसवावे. ठोकताना स्प्रिंग उडू नये म्हणून तिच्या खोबणीत थोडे ग्रीस भरावे आणि ओठाला गिअर ऑइलचा हात लावावा, कारण कोरडा ओठ पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो. ठोकण्यासाठी सीलच्या बाहेरच्या व्यासाला जुळणारा पीव्हीसी पाइपचा जोड किंवा लेथवर करून घेतलेली चकती वापरावी आणि सील सर्व बाजूंनी सारखे आत जाईल असे हळूहळू ठोकावे. स्क्रू ड्रायव्हरने एकेक कडा ठोकून बसवलेले सील तिरके बसते, आणि तिरके सील नवे असूनही गळते.

आता नट. जुनाच नट परत लावत असाल तर तो आधीच्या खुणा जुळेपर्यंत आवळावा आणि फिरवण्याचा जोर पुन्हा मोजावा; नवा नट लावला असेल तर खुणा उपयोगाच्या नाहीत, फक्त मोजलेला जोर आणि आट्यांची संख्या हेच आधार उरतात. थोडे आवळावे, पिनियन काही फेरे फिरवावे, मोजावे, पुन्हा किंचित आवळावे, असे करत लिहून ठेवलेल्या आकड्यावर किंवा नव्या सीलच्या घर्षणामुळे त्याहून अगदी थोड्या वर थांबावे. या पायरीला अर्धा तास लागला तरी चालेल.

मागच्या झाकणाबद्दल थोडेच सांगायचे आहे. जुना गॅसकेट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा, दोन्ही पृष्ठभाग तेलविरहित करावेत, सिलिकॉन सीलंटची तीन मिलिमीटरची अखंड रेघ बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने फिरवावी, बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळावेत आणि ट्यूबवर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण होईपर्यंत ऑइल भरू नये. दोन्ही बोल्टच्या वॉशर नव्या घालाव्यात. घर अॅल्युमिनियमचे असेल तर आटे लवकर जातात, म्हणून येथेही अंदाजाने नव्हे, टॉर्क पान्याने आवळावे.

ऑइलच्या बाबतीत दुकानात “नव्वद नंबर” एवढेच मागून चालणार नाही. अनेक गाड्यांना ७५डब्ल्यू-९० दाटपणाचे, जीएल-५ दर्जाचे ऑइल लागते, तरी अंतिम शब्द मॅन्युअलचा. डिफरन्शियल क्लच प्लेट असलेल्या लिमिटेड स्लिप प्रकारचे (एक चाक जास्त घसरू न देणारे) असेल तर घर्षण नियंत्रित करणारे मिश्रण ऑइलमध्ये असावे लागते किंवा वेगळे घालावे लागते, नाहीतर हळू वळण घेताना मागून कटकट आणि थरथर जाणवते. हेच काम दात्यांनी करणाऱ्या टॉर्सन प्रकाराला सहसा याची गरज नसते. निफाडच्या थंडीत पहाटे हे ऑइल काकवीसारखे घट्ट होते, तेव्हा बाटली गरम पाण्यात उभी ठेवून मग पिचकारीने भरावे. छिद्रातून ऑइल बारीक धारेने परत येऊ लागले की थांबावे, पाच मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बोल्ट लावावा.

तपासणीसाठी पहिली फेरी शहरात वीस किलोमीटरची असावी, आणि डिफरन्शियलच्या पुढच्या भागावर हात ठेवता येतो की नाही ते उतरल्यावर पाहावे. पिनियनच्या बेअरिंगपाशी हात टेकवताच काढून घ्यावा लागत असेल तर नट जास्त आवळला गेला आहे आणि गाडी पुढे चालवू नये. सर्व ठीक असेल तर मुंबई-आग्रा महामार्गाने इगतपुरीच्या पुढे जाऊन कसारा घाट उतरून परत चढावा. चढावर पिनियनवर येणारा भार आणि त्याबरोबर चढणारी उष्णता शहरातल्या फेऱ्यांत कधीच मिळत नाही. घरी आल्यावर पुसलेले डिफरन्शियल टॉर्चने पाहावे, रात्री खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे, आणि पाचशे किलोमीटरनंतर भरण्याचा बोल्ट एकदा उघडून पातळी पाहावी. वर्तमानपत्र कोरडे असून पातळी मात्र उतरली असेल तर दोन शक्यता उरतात: पहिल्यांदा भरताना गाडी तिरकी होती, किंवा तेल ब्रीदरमधून वाफेसारखे बाहेर पडते आहे, आणि मग पुन्हा एकदा हात त्या टोपीकडेच न्यावा.